दसऱ्यापासून होळीपर्यंत फुलणारी झुडपे

पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये दरवर्षी जानेवारीत पुष्पप्रदर्शन भरते. बाग सांभाळणारी ‘अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ हीच संस्था ते भरवते. लोक मुलाबाळांसह येतात. पेटुनिया, डेलिया, फ्लॉक्स, पॅन्सी यांच्या ताटव्यांपुढे फोटो काढतात आणि जाताना दोन-चार कुंड्या घरी नेतात. मार्चचे ऊन तापू लागले की त्या कुंड्यांतली रोपे माना टाकतात. पुढच्या वर्षी पुन्हा नवी रोपे, नवी माती, नवा खर्च. हिवाळ्यातला रंग म्हणजे हंगामी फुले, हे शहरी बागांमध्ये इतके गृहीत धरले गेले आहे की, त्याच बागांच्या कडेने वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या झुडपांकडून कोणी त्या रंगाची अपेक्षाच करत नाही.

ती अपेक्षा करावी आणि ती पुरी कशी करून घ्यावी, हे सांगण्यासाठी पुढील पाने लिहिली आहेत. दख्खनच्या पठारावर दसऱ्यापासून होळीपर्यंतचे पाच महिने झुडपांच्या ऐन बहराचे असतात. आश्विनात कोरांटी जांभळी होते, कार्तिकात होल्मशिओल्डियाच्या फांद्या नारिंगी चकत्यांनी भरतात, मार्गशीर्षात पॉइन्सेटिया लाल होतो, पौषात कुंद आणि दशमुळी फुलतात, माघात सह्याद्रीच्या उतारांवर धायटी तांबडी होते आणि बोगनवेल या सगळ्यांना साथ देत राहते. यांतले एकही झाड दरवर्षी नव्याने लावावे लागत नाही. एकदा मुळे धरली की ते वर्षानुवर्षे त्याच जागी, त्याच सुमारास रंगावर येते.

झुडपांची निवड शहरातल्या माणसाला सोयीचीही आहे. वृक्षाला जागा लागते, त्याच्या फांद्या वीजतारांना आणि शेजाऱ्यांच्या भिंतींना भिडतात. हंगामी रोपांना रोजची निगा लागते. बुंध्यापासूनच अनेक खोडे फुटणारे, कमरेपासून डोक्यापर्यंत वाढणारे आणि छाटणी सोसणारे झुडूप या दोहोंच्या मधल्या जागेत नेमके बसते. सोसायटीच्या कुंपणालगतची दोन फुटांची पट्टी, बंगल्याच्या फाटकाशेजारचा कोपरा, शाळेच्या मैदानाची कड, गच्चीवरचा मोठा ड्रम, यांतली कोणतीही जागा त्याला चालते.

इथे एक गैरसमज आधी दूर केलेला बरा. बागकामावरची बरीचशी इंग्रजी पुस्तके शरद आणि हिवाळ्याबद्दल जे सांगतात, ते थंड प्रदेशांतले असते. तिथे कडाक्याच्या थंडीपूर्वी पानांतले हरितद्रव्य मोडते, आधीपासून पानात असलेला पिवळा रंग उघडा पडतो, काही जातींत लाल रंगद्रव्य नव्याने तयार होते आणि मग पाने गळतात. उरलेल्या हिवाळ्यासाठी तिथले माळी सालीवर आणि फळांवर भिस्त ठेवतात. लाल सालीच्या डॉगवुडचे झुडूप इंग्लंडमधल्या हिवाळी बागांमध्ये मुद्दाम लावतात आणि हिवाळा सरताच ते जमिनीलगत छाटतात, कारण त्याचा लाल रंग कोवळ्या काड्यांवरच सर्वांत गडद येतो. विच हेझेलची पिवळी, फितीसारखी फुले तिथे ऐन थंडीत, निष्पर्ण फांद्यांवर उमलतात. ब्रिटनमध्ये किंवा अमेरिकेच्या ईशान्य भागात घर केलेल्या मराठी कुटुंबांना ही झुडपे चांगली परिचयाची असतील आणि त्यांच्या अंगणासाठी तीच योग्य आहेत.

महाराष्ट्रात मात्र झाडांना थंडीपेक्षा पाण्याच्या टंचाईला तोंड द्यावे लागते. निफाडसारख्या ठिकाणी पारा कधीकधी पाच अंशांच्या आसपास उतरतो, पण अशा रात्री मोजक्याच. जमिनीतली ओल मात्र ऑक्टोबर हीटपासूनच हटू लागते आणि फेब्रुवारीपर्यंत वरचा थर कोरडा ठक्क होतो. आपल्याकडची बहुतेक पानगळ त्यामुळेच हिवाळ्याच्या शेवटी होते. तोपर्यंत झुडपांजवळ पावसाळ्यात साठवलेली शक्ती असते, आकाश निरभ्र असते, ऊन भरपूर पण सोसवणारे असते आणि फुलांवर येणाऱ्या कीटकांची व पक्ष्यांची वर्दळ चालू असते. बहर येण्याला याहून सोयीचा काळ वर्षात दुसरा नाही.

आणखी एक गोष्ट या काळात घडते, ती डोळ्यांना चटकन जाणवत नाही. पुण्यात जूनच्या अखेरीस दिवस साधारण सव्वातेरा तासांचा असतो, तर डिसेंबरच्या अखेरीस तो अकरा तासांवर येतो. फरक फक्त सव्वादोन तासांचा, पण झाडांना तो पुरतो. वॉशिंग्टनजवळ अमेरिकी कृषी खात्यात काम करणाऱ्या गार्नर आणि अ‍ॅलर्ड या दोन शास्त्रज्ञांनी १९२० साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. तंबाखूची ‘मेरिलँड मॅमथ’ ही जात उन्हाळ्यात नुसतीच उंच वाढत राहायची, फुलावर येत नसे. तिला रोज काही तास अंधाऱ्या खोपीत ठेवून दिवस कृत्रिमरीत्या लहान केला, तेव्हा ती भर उन्हाळ्यात फुलली. फुलण्याचा इशारा झाड दिवसाच्या लांबीवरून घेते, हे यातून दिसले. पुढे १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी झँथियम या तणावर प्रयोग करून दाखवले की, झाड खरे तर अखंड अंधाराचा काळ मोजते. रात्रीच्या मध्यावर थोडा वेळ दिवा लावला तरी त्याचा हिशोब बिघडतो.

पॉइन्सेटियाच्या बाबतीत हा हिशोब घरोघर पाहायला मिळतो. मूळचे मेक्सिकोचे हे झुडूप १८२० च्या दशकात जोएल पॉइन्सेट या अमेरिकी राजदूताने आपल्या देशात नेले आणि त्याचेच नाव झाडाला चिकटले. सप्टेंबरच्या अखेरीस रात्र बारा तासांहून मोठी होऊ लागली की हे झुडूप फुलण्याच्या तयारीला लागते. पुढचे आठ-दहा आठवडे रात्रीचा अंधार सलग मिळाला, तर डिसेंबरच्या सुरुवातीला शेंड्याची पाने लाल होतात. तेच झाड रस्त्यावरच्या दिव्याखाली किंवा रात्री उशिरापर्यंत उजेड असलेल्या गॅलरीत ठेवले, तर जानेवारी उलटला तरी हिरवेच राहते. खत बदलून, औषध फवारून उपयोग होत नाही. कुंडी अंधाऱ्या बाजूला सरकवली की काम होते.

पॉइन्सेटियाच्या लाल चक्राच्या मधोमध नीट पाहिले, तर या झुडपाची सगळी रचना उलगडते. लाल दिसतात त्या पाकळ्या नसतात, ती रंग बदललेली पाने असतात. खरी फुले मध्यभागी वाटाण्याएवढ्या हिरव्या पेल्यांमध्ये दडलेली असतात. प्रत्येक पेल्याच्या कडेला एक पिवळी, ओठासारखी ग्रंथी असते आणि तिच्यात मधाचा चकचकीत थेंब साठलेला दिसतो. मुंग्या आणि मधमाश्या या थेंबासाठी येतात. पेल्याच्या तोंडातून तांबूस पुंकेसरांचा झुबका डोकावत असतो. लाल चक्र दोन-अडीच महिने टिकते ते पानांचे असल्यामुळेच. पाकळीचे आयुष्य दिवसांचे, पानाचे महिन्यांचे. बोगनवेलीचा कागदी रंगही असाच पानांचा आहे. तिच्या तीन रंगीत पत्रकांच्या आत प्रत्येकी एक बारीक, नळीसारखे पांढरट फूल असते.

बोगनवेलीचा इतिहास सांगण्यासारखा आहे. फ्रेंच दर्यावर्दी लुई आंत्वान द बुगेनव्हिल याच्या जगप्रदक्षिणेत फिलिबेर कोमेर्साँ हा वनस्पतिशास्त्रज्ञ होता आणि ब्राझीलच्या किनाऱ्यावर, रिओजवळ, १७६७ मध्ये या वनस्पतीचे नमुने गोळा झाले. कोमेर्साँबरोबर त्याचा मदतनीस म्हणून पुरुषवेषात वावरणारी जान बारे ही स्त्री होती. समुद्रमार्गे पृथ्वीप्रदक्षिणा करणारी पहिली ज्ञात स्त्री म्हणून तिची नोंद आहे. नाव कप्तानाचे लागले, तरी रानावनातून नमुने वाहून आणण्याचे कष्ट या दोघांचे होते.

भारतात बोगनवेल इतकी रुळली की दिल्ली, लखनौ आणि बेंगळुरूच्या संशोधन संस्थांनी तिचे नवे वाण तयार केले. एकाच झाडावर पांढरी आणि राणी रंगाची पत्रके देणारी ‘मेरी पामर’ कित्येक अंगणांत आहे. तिच्याविषयीची नेहमीची तक्रार म्हणजे ‘नुसतीच वाढते, फुलत नाही’. या तक्रारीमागे बहुतेक वेळा पाणी असते. रोज पाणी आणि भरपूर शेणखत मिळाले की बोगनवेल पाने आणि काटे वाढवते. मुरमाड जमीन, दिवसभराचे ऊन आणि ऑक्टोबरनंतर पाण्याच्या दोन पाळ्यांत मोठे अंतर ठेवले की ती पानांपेक्षा रंग जास्त दाखवते. ठिबकच्या नळीला टायमर लावून सगळ्या झाडांना सारखेच पाणी देणाऱ्या बागांमध्ये बोगनवेल हिरवीगार दिसते, त्याचे कारण तो टायमर.

अंधार आणि कोरडेपणा हे दोन इशारे निसर्ग देतो. तिसरी गोष्ट माणसाच्या हातात असते, ती म्हणजे कात्री. महाराष्ट्रातल्या बागांचा हिवाळा बेरंग होण्याचे सर्वांत मोठे कारण हीच कात्री आहे, आणि या पुस्तकाचा बराच भर तिच्यावर आहे.

पिवळ्या पानांच्या ड्युरांटाचे उदाहरण घ्या. पुणे-सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचनच्या आसपासच्या रोपवाटिकांतून त्याची रोपे शेकड्याच्या हिशोबाने जातात आणि सोसायट्यांच्या, कंपन्यांच्या, रस्ता दुभाजकांच्या कडेने गुडघाभर उंचीच्या भिंती बनून राहतात. दर पंधरा-वीस दिवसांनी माळी मोठी कात्री आडवी धरून वरचा थर सपाट करतो. अमेरिका खंडातून आलेल्या या झुडपाला फांद्यांच्या टोकांना निळ्या-जांभळ्या फुलांचे तुरे येतात आणि त्यांच्यामागून सोनेरी फळांचे घोस लोंबतात, हे तो कुंपणाचा पट्टा रोज पाहणाऱ्यांना ठाऊकही नसते, कारण तुरा धरणारे टोकच दर वेळी कापले जाते. तीच ड्युरांटा एखाद्या कोपऱ्यात, छाटणी न करता सात-आठ फूट वाढू दिली, तर दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत तिच्या कमानदार फांद्यांवर एकाच वेळी फुले आणि फळे दिसतात. कोरांटी, हमेलिया, कुंती, एक्झोरा या सगळ्यांची कुंपणातली गत अशीच होते.

याचा अर्थ छाटूच नये असा नाही. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदाराला एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी यांत हयगय करून चालत नाही. कोणत्या डोळ्यावर छाटले आणि कोणत्या आठवड्यात छाटले, यावर त्याचे वर्षाचे पीक ठरते. बागेतल्या झुडपालाही त्याचे स्वतःचे वेळापत्रक असते. गुलाब पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरमध्ये छाटतात आणि साधारण दीड-दोन महिन्यांत तो बहरतो. पॉइन्सेटिया लाल पाने झडल्यावर मार्च-एप्रिलमध्ये खोल छाटावा, पावसाळ्यात एक-दोनदा शेंडे खुडावेत आणि ऑगस्टच्या मध्यानंतर त्याला हात लावू नये. कोरांटी फुले संपल्यावर अर्धी करावी आणि जुलैत शेंडे खुडून तिला फुटवे काढू द्यावेत. बोगनवेलीची शेवटची छाटणी पावसाळ्यातच उरकावी. कुंद मार्चमध्ये, धायटी मे महिन्यात, फुलोरा पूर्ण ओसरल्यावर. गुलाब वगळता ही सगळी झुडपे वेगवेगळी असली तरी त्यांचा हिवाळ्याचा रंग पावसाळ्यातल्या फुटव्यांवर किंवा त्याआधीच्या जून फांद्यांवर ठरलेला असतो. गणपतीच्या आधी बाग स्वच्छ दिसावी म्हणून सरसकट कात्री फिरवली, तर त्या वर्षीच्या कळ्या हिरव्या कचऱ्याच्या गाडीतून निघून जातात.

झुडपे निवडताना देशी जातींना या पानांत मोठी जागा दिली आहे, आणि ती भावनेपोटी दिलेली नाही. इथल्या पावसाच्या आणि कोरडीच्या चक्राशी जुळवून घेतलेली झुडपे पहिली दोन वर्षे सांभाळली की पुढे फार पाणी मागत नाहीत. त्यांत अग्रमान कोरांटीचा. जांभळी, गुलाबी, पांढरी आणि पांढऱ्यावर जांभळ्या रेघा असलेली, असे तिचे रंग खेड्यातल्या परसात आणि देवळाच्या आवारात पूर्वीपासून आहेत. तिची पिवळी, काटेरी बहीण म्हणजे काटेकोरांटी. दातांच्या औषधासाठी ती वज्रदंती म्हणून ओळखली जाते आणि बांधावर तिचे कुंपण गुरांना रोखते. कोरांटीची बोंडे सुकली की ताडकन उकलतात आणि बी दूर फेकतात. त्या चपट्या बियांवर बारीक केसांचे अस्तर असते, पाणी लागताच ते फुलून चिकट होते आणि बी मातीला धरून बसते. बागेत एक झुडूप लावले की दोन पावसाळ्यांत आसपास रोपे उगवलेली दिसतात, ती यामुळे.

सावलीच्या जागेसाठी दशमुळीसारखे झुडूप शोधून सापडणार नाही. सह्याद्रीच्या जंगलात, मोठ्या झाडांच्या छायेत ती वाढते आणि नोव्हेंबरपासून निळसर-जांभळ्या फुलांचे तुरे काढते. फूल जुने होईल तसा निळा रंग गुलाबीकडे झुकतो, त्यामुळे एकाच तुऱ्यावर दोन छटा दिसतात. पांढरट पत्रकांवरच्या हिरव्या शिरांची नक्षी फुले गळल्यावरही टिकते. इमारतीच्या उत्तरेला, जिथे काहीच फुलत नाही म्हणून फरशी घातली जाते, तिथे ही झुडपे सुखाने राहतात.

उघड्या, खडकाळ जागेसाठी धायटी. आयुर्वेदात ती धातकी आहे आणि आसव-अरिष्टे आंबवताना तिची फुले घालतात. जानेवारीपासून तिची पाने विरळ होतात आणि धनुष्यासारख्या वाकलेल्या फांद्यांवर ओळीने तांबड्या नळ्या लागतात. धायटीच्या नळीतला मध शिंजिरांना फार प्रिय. हिवाळ्याच्या सुरुवातीला जांभळ्या शिंजिराचा नर मळकट पिसांत असतो, छातीवर फक्त एक गडद पट्टी. धायटी भरात येईपर्यंत तो पुन्हा झळाळू लागलेला असतो. कोरड्या माळावरचा तरवड हाही असाच चिवट. त्याची साल एकेकाळी कातडी कमावण्यासाठी वापरत, आणि त्याची पिवळी फुले पावसाळ्यानंतर माळरानावर सहज नजरेत भरतात. महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारांवर रामेठ्याचे पिवळे गेंद याच सुमारास येतात. रामेठा विषारी आहे, त्यामुळे तो डोंगरावर पाहावा. अंगणात आणू नये.

देशी झुडपे हवीत म्हणून कुदळ घेऊन डोंगरावर जाणे हा उपाय नव्हे. जंगलातून उपटलेले जून झुडूप बहुधा जगत नाही आणि वनहद्दीतून ते आणणे कायद्यालाही धरून नाही. कोरांटी आणि होल्मशिओल्डिया पावसाळ्यात छाट कलमाने येतात, तर तरवड बियांपासून येतो. देशी रोपे तयार करणाऱ्या रोपवाटिका आता बऱ्याच शहरांजवळ आहेत. मागणी वाढली की ड्युरांटाच्या रांगांशेजारी दशमुळीच्याही पिशव्या मांडल्या जातील.

हिवाळ्यात फुलांइतकीच फळांची आणि शेंगांचीही शोभा असते. हमेलियाच्या शेंदरी नळ्यांमागून काळपट होत जाणारी फळे येतात आणि बुलबुल त्यांच्यावर तुटून पडतात. पारिजातकाचा सडा कार्तिकाच्या सुमारास थांबतो, पण चपटी, नाण्यासारखी बोंडे पुढे कित्येक आठवडे फांद्यांवर राहतात. मुरुडशेंगेचा पीळ घातलेला घोस बाळगुटीच्या पेटीतून घराघरात माहीत आहे. झाडावर तो हिवाळ्यात तपकिरी होऊन दिसतो. खुळखुळ्याच्या वाळलेल्या शेंगा वाऱ्याने वाजतात आणि मुलांना त्या बागेकडे हमखास खेचतात. दुपारी त्याच खुळखुळ्यावर फुलपाखरांचे नर बसलेले दिसले तर नवल नको. मिलनासाठी लागणारी काही रसायने टायगर कुळातील फुलपाखरे या झाडातून शोषून घेतात.

रंगाच्या या गर्दीत पांढऱ्याची सोय कुंद करतो. संस्कृत काव्यात तो हेमंताचा मानकरी आहे. कालिदासाने मेघदूतात अलकानगरीच्या स्त्रियांना सहा ऋतूंची फुले ल्यायला दिली, त्यांत केसांत माळलेला कुंद हेमंताचा, अशी टीकाकारांची सांगड आहे. मोगऱ्याचा हा भाऊबंद मोगऱ्याइतका गंध देत नाही, पण मोगरा विश्रांती घेतो त्याच महिन्यांत तो चांदण्यांनी लगडतो. संध्याकाळी घरी परतणाऱ्या नोकरदारांच्या बागेत पांढऱ्या फुलांना वेगळे मोल असते. हिवाळ्यात सहालाच अंधारते आणि लाल-जांभळे रंग तेव्हा दिसेनासे होतात.

काही इशारे स्पष्टपणे दिले पाहिजेत. घाणेरी म्हणजे लँटाना थंडीतही फुलते आणि रंगीत दिसते, तरी ती लावू नये. १९व्या शतकाच्या सुरुवातीला कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आलेली ही वनस्पती आज देशभरच्या जंगलांत पसरली आहे, पक्षी तिचे बी वाहून नेतात आणि तिच्या पाल्याने गुरांना विषबाधा होते. विदर्भात संत्र्याच्या बागेजवळ कुंतीचे कुंपण करू नये. कुंती लिंबूवर्गातलीच आहे; संत्र्यावर ग्रीनिंग रोग पसरवणारी सिला कीड तिच्यावर आनंदाने वाढते. ड्युरांटाची सोनेरी फळे पक्षी खातात म्हणून ती मुलांनी खाण्याजोगी ठरत नाहीत. ती विषारी आहेत. पॉइन्सेटियाचा चीक त्वचेला आणि डोळ्यांना त्रास देतो, म्हणून छाटताना हातमोजे घालावेत.

महाराष्ट्राचा हिवाळा सगळीकडे एकसारखा नाही, याचे भान प्रत्येक प्रकरणात ठेवले आहे. कोकणात आणि मुंबईत थंडी नावापुरतीच. तिथे पॉइन्सेटियाचा रंग थोडा फिका राहतो, पण एक्झोरा, क्रोटन आणि अकॅलिफा यांची पाने-फुले दमट हवेत उत्तम येतात. नागपूर-अमरावतीकडे रात्री चांगल्याच गार आणि दिवस कोरडे. तिथली काळी माती पाणी धरून ठेवते, त्यामुळे बोगनवेल आणि तरवड यांच्या खड्ड्यात मुरूम मिसळावा लागतो. पुणे, नाशिक, सातारा या पट्ट्यात या पुस्तकातली जवळजवळ सगळी झुडपे येतात. ढगाळ हवा पडली की मावा, फेब्रुवारीत ऊन वाढले की लाल कोळी आणि जास्वंदीवर बारा महिने पिठ्या ढेकूण, हे पाहुणे सर्वत्र सारखे आहेत. त्यांच्यावरचे साधे उपाय झाडागणिक दिले आहेत.

पुढील प्रकरणांची मांडणी वनस्पतींच्या कुळांनुसार न करता शरद, हेमंत, शिशिर या क्रमाने केली आहे. प्रत्येक झुडपाखाली उंची, ऊन-सावली, पाण्याची गरज, छाटणीचा महिना आणि त्यावर येणारे पक्षी-कीटक यांची नोंद आहे. लहान जागा असलेल्यांनी तिन्ही ऋतूंतून एकेक झुडूप निवडावे. कोरांटी, पॉइन्सेटिया आणि धायटी एवढ्या तिघांवरही दसऱ्यापासून होळीपर्यंत रंगात खंड पडत नाही. ज्यांच्या सोसायटीत कुंपणाच्या पट्ट्या आधीच आहेत, त्यांनी नवे काही विकत घेण्यापूर्वी माळीदादांशी बोलून एका पट्टीची छाटणी या ऑगस्टपासून फेब्रुवारीपर्यंत थांबवून पाहावी. कोणती कुंपणे या प्रयोगाला योग्य आहेत आणि थांबवलेल्या छाटणीनंतर त्यांना पुन्हा आकार कसा द्यायचा, हे पहिल्याच प्रकरणात आले आहे.